गिफ्ट फॉर गारगोटीवाला!

लहान मुलाला वाढदिवसाला काय द्यायचं, हा आपल्या पिढीचा नॅशनल प्रॉब्लेम आहे. रिमोटवाली गाडी दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली जाते ती दिवाळीच्या साफसफाईतच बाहेर येते. टॅब दिला की आईबाबा आपल्याकडे असं बघतात, जणू आपण पोराला बिडीच ओढायला शिकवली. कपडे दिले तर पोरगं तोंडदेखलं थँक्यू म्हणतं, बस्स. त्यात एखादं पोर असं निघतं, की त्याला यातलं काहीच नको असतं. त्याला दगड हवे असतात.

हो, दगडच! असं एक सॅम्पल आमच्या घराण्यात आहे. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, वय वर्षं साडेनऊ, मुक्काम पोस्ट धाराशिव. (ज्यांच्या जिभेवर अजून उस्मानाबादच बसलंय त्यांच्यासाठी: २०२३ मध्ये शहर आणि जिल्हा दोघांचंही नाव अधिकृतपणे धाराशिव झालंय.) याच्या दप्तरात दगड, खिशात दगड, वॉशिंग मशीनच्या ड्रममध्येही दगड. तेरणेच्या पात्रातला वेगळा, मामाच्या विहिरीच्या ढिगाऱ्यातला वेगळा. प्रत्येकाला नंबर आणि वहीत नोंद. यंदा या भूगर्भशास्त्रज्ञ महाशयांनी फोनवर डायरेक्ट ऑर्डरच सोडली, "मावशी, मला रॉक टम्बलर पायजे. दगडं चमकवायचं मशीन."

मावशी पडली पत्रकार. तिने गिफ्टच्या आधी रिसर्च सुरू केला. तो इतका रंगला, की म्हटलं, या आठवड्याचा कॉलम यावरच. तुमच्याही घरात, शेजारात, बिल्डिंगमध्ये एखादा गारगोटीवाला नाहीतर गारगोटीवाली असेलच. नसेल तर खात्रीने सांगते, होईल!

फंडा काय आहे?

रॉक टम्बलर म्हणजे थोडक्यात नदी इन अ डब्बा. नदी दगडाला हजारो वर्षं लोळवते, वाळूवर घासते आणि त्याचा गुळगुळीत गोटा करते. हेच काम मशीन महिन्याभरात करतं. दोन रोलर, त्यांना फिरवणारी छोटी मोटर, वर आडवा ठेवलेला डबा म्हणजे बॅरल. बॅरलमध्ये दगड, पाणी आणि घासायची पूड, म्हणजे ग्रिट, टाकायची, झाकण घट्ट लावायचं आणि बटण दाबायचं. मग ते दिवसरात्र गरगर फिरत राहतं. हो, दिवसरात्र. चोवीस तास. आठवडाभर.

आणि एका आठवड्यात काम संपत नाही. चार टप्पे असतात. ग्रिटचा नंबर जितका मोठा, तितकी पूड बारीक. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगू? पहिला टप्पा भरड्याचा, म्हणजे ६० किंवा ८० नंबरच्या आसपासची जाड पूड. ती दगडाचे कोपरे खाते. दुसरा जाड्या रव्याचा, १२० ते २२० नंबर. तिसरा बारीक रव्याचा, ५०० ते ६००. आणि चौथा मैद्याचा, म्हणजे पॉलिश. पहिल्या तिन्हीत सिलिकॉन कार्बाइड, शेवटी बहुतेक वेळा अॅल्युमिनियम ऑक्साइड. प्रत्येक टप्प्याला साधारण एक आठवडा, पहिल्याला कधी कधी जास्तच. म्हणजे आज बटण दाबलं, तर चमकता दगड पुढच्या महिन्यात.

आता खरा प्रश्न. दोन मिनिटांच्या नूडल्सवर वाढलेलं पोर एक महिना थांबेल? मशीन निवडण्याआधी याचं उत्तर हवं. त्यासाठी माझ्याकडे एक स्वस्त आणि मस्त टेस्ट आहे, ती पुढे सांगते. आधी मशीन.

रोटरी की व्हायब्रेटरी?

बाजारात मुख्य प्रकार दोन. रोटरी म्हणजे वर सांगितलेला गरगर फिरणारा. व्हायब्रेटरी म्हणजे थरथरणारा. थरथरणारा भराभर काम करतो आणि दगडाचा मूळ आकार बराचसा तसाच ठेवतो. पण त्यात पाणी किती राहिलंय, चिखल किती दाट झालाय, हे सारखं बघावं लागतं. शिवाय खडबडीत दगडाचे कोपरे काढायला अनुभवी मंडळीसुद्धा आधी रोटरीकडेच जातात. तेव्हा मुलासाठी पहिलं मशीन रोटरीच. विषय संपला.

रोटरीतही खेळण्याच्या दुकानातलं आणि हॉबीवाल्यांचं, असे दोन वर्ग. फरक कुठे बघायचा?

एक, बॅरल कशाचं आहे? कडक प्लॅस्टिकचं असेल तर घरात चोवीस तास खडी क्रशर चालू आहे असं वाटेल. रबरी बॅरल किंवा आतून रबराचं अस्तर असलेलं बॅरल बऱ्यापैकी शांत असतं. टू बीएचकेत राहणाऱ्यांनी हा मुद्दा अधोरेखित करावा. शेजाऱ्यांशी संबंध दगडापेक्षा मौल्यवान असतात!

दोन, बॅरल केवढं? हे पाउंडात मोजतात. एक पाउंडाचं म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, तेही दगड-पाणी सगळं मिळून. तीन पाउंडाचं, म्हणजे सुमारे १.३६ किलोचं, मुलासाठी बेस्ट. त्यात लहान-मोठे दगड मिसळून टाकता येतात आणि ते एकमेकांवर नीट घरंगळतात. बॅरल दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरायचं असतं. कमी भरलं तर दगड आपटून फुटतात, जास्त भरलं तर हलतच नाहीत. एसटीसारखंच आहे. रिकाम्या गाडीत आपण आदळतो, खच्चून भरलेल्या गाडीत श्वाससुद्धा घेता येत नाही.

तीन, पट्टा बदलता येतो का? मोटरकडून रोलरला फिरवणारा रबरी पट्टा झिजतो आणि तुटतो. बॉक्समध्ये जादा पट्टा आहे का, तो नंतर वेगळा मिळतो का, हे आधी विचारा.

चार, ग्रिटचं रिफिल. प्रिंटर स्वस्त आणि कार्ट्रिज महाग, हा अनुभव घेतलाय ना? तसंच इथे. प्रत्येक घाण्याला चारही पुडी लागतात. तीन पाउंडाच्या बॅरलला पहिल्या टप्प्यात साधारण चार टेबलस्पून ग्रिट जातं. बॉक्समध्ये एका किंवा दोन घाण्यांपुरतं असतं. ते संपलं की काय, याचं उत्तर नसेल तर मशीन माळ्यावर जाणार हे नक्की.

न्यू जर्सीच्या काकाचं काय करायचं?

प्रत्येक मराठी घरात एक काका न्यू जर्सीत असतो. 'तिकडून आणतो ना' हे त्याचं आवडतं वाक्य. नॅशनल जिओग्राफिकचं नाव असलेली किट तिकडे मुलांच्या खेळण्यांत सर्रास मिळतात, इकडे मिळतात ती बरीचशी इम्पोर्टेड. पण थांबा! अमेरिकेतली वीज ११० ते १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडची थेट प्लगवाली मोटर इथे लावली, तर चमकते ती फक्त ठिणगी. स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर घेता येतो, पण तो व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. त्यामुळे तशी मोटर इथे हळू फिरू शकते. म्हणून मशीनच्या किंवा अॅडॉप्टरच्या लेबलवर 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट' लिहिलंय का, हे काकाला फोटो काढून पाठवायला सांगा. लिहिलं असेल तर साधा पिनेचा जुगाड पुरतो. नसेल तर काकाला म्हणावं, चॉकलेटच आण.

विजेच्या बिलाचं टेन्शन मात्र नको. समजा मोटर २५ वॅटची आहे. चोवीस तास, तीस दिवस चालली तरी महिन्याला १८ युनिट होतात. गावाकडच्या मंडळींचा पुढचा प्रश्न, लाइट गेली तर? काही तास थांबल्याने दगडांचं काही बिघडत नाही. वीज आली की बॅरल खरंच फिरतंय ना, एवढं बघायचं. दोन-चार दिवस बंद राहिलं तर मात्र चिखल तळाशी घट्ट बसतो, तेव्हा उघडून धुवावं. आणि मे महिन्यात मराठवाड्यात मशीन बंद कपाटात ठेवू नका. मोटरलाही हवा लागते हो.

कोणाला एन्ट्री, कोणाला नो एन्ट्री?

इथे पोराचं खरं डोकं लागतं, आणि आपलंही. दिसला दगड की टाकला बॅरलमध्ये, असं चालत नाही. एका बॅरलमध्ये साधारण सारख्याच कठीणपणाचे दगड हवेत, नाहीतर कठीण दगड मऊ दगडाला खाऊन टाकतो.

कठीणपणा मोजायची पट्टी फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडली. एक ते दहा. आपलं नख अडीचच्या आसपास, काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ सात, हिरा दहा. ज्याचा ओरखडा दुसऱ्यावर उमटतो तो जास्त कठीण. सिंपल! धाराशिवच्या पोरांना तर हे समजावून सांगायचीही गरज नाही. तेरचे गोरोबाकाका सगळ्यांना ठाऊक. संतमंडळींच्या डोक्यावर थापटी मारून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं, हे त्यांनी सांगितलं अशी कथा आहे. त्यात नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. दगडाचंही तेच. आत टाकण्याआधी थापटी मारून बघा. म्हणजे ओरखडा काढून.

हा जिल्हा म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा पाट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले, थंड झाले, त्यांचा काळा बेसॉल्ट झाला. थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी त्या भरल्या. गारगोटी, अकीक, कॅल्साइट, झिओलाइट ही सगळी त्या पोकळ्यांतली मंडळी. विहीर खोदली, रस्त्यासाठी डोंगर कापला की ती उजेडात येतात.

आता एन्ट्रीचे नियम. अकीक आणि गारगोटी, कठीणपणा साडेसहा ते सात: वेलकम. यांच्यावर चढणारी झळाळी बघून पोराचे डोळे विस्फारतील. पण ज्या तुकड्यात तडे आहेत तो बाहेर, तो आत फुटतो आणि बाकीच्यांना ओरबाडतो. कॅल्साइट, कठीणपणा तीन: नो एन्ट्री. ओळखायचा कसा? त्याच्या चुऱ्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फसफसला तर कॅल्साइट. झिओलाइटचे नाजूक स्फटिक: चुकूनही नाही! ते मऊ असतात आणि त्यांची सगळी शान त्यांच्या आकारात असते. टम्बलरमधून निघेल तो निव्वळ चिखल. असे स्फटिक कसे दिसतात, कसे सांभाळतात, हे बघायचं असेल तर सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात एक चक्कर माराच.

आणि काळा बेसॉल्ट? तो सगळीकडे आहे, फुकट आहे, म्हणून पोरं तोच आधी आणतात. भोकं नसलेला, घट्ट तुकडा छान गुळगुळीत होतो, पण काचेसारखी चमक क्वचितच येते. भोकाभोकांचा बेसॉल्ट तर अजिबात नको. त्या भोकांत भरडा लपून बसतो आणि पॉलिशच्या आठवड्यात बाहेर येऊन सगळ्या घाण्याची वाट लावतो.

दगड कुठून उचलायचे यालाही नियम आहेत बरं का! नळदुर्ग, परंडा हे किल्ले, धाराशिवची लेणी, येडशीच्या रामलिंग घाटाचं अभयारण्य, इथून काहीही उचलायचं नाही. तेरच्या पांढरीच्या टेकाडांवरून तर मुळीच नाही. तिथे सापडलेला मणी हा दगड नसतो, पुरावा असतो. मालकाला विचारून शेताच्या बांधावरून, विहिरीच्या ढिगातून मूठभर घ्या. तेवढे पुष्कळ होतात.

मोरी वाचवा!

प्रत्येक टप्प्यानंतर बॅरलमध्ये राखाडी, दाट चिखल उरतो. तो मोरीत ओतायचा नाही. पुन्हा लिहिते: मोरीत ओतायचा नाही! तो पाइपात बसतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो. मग प्लंबरचं बिल टम्बलरच्या किमतीशी स्पर्धा करतं. जुन्या बादलीत ओता, रात्रभर स्थिर ठेवा, गाळ तळाला बसला की वरचं पाणी पुढच्या धुण्याला वापरा. वाळलेला गाळ पिशवीत बांधून कचऱ्यात. ज्या भागात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे दिवस लोकांनी बघितलेत, तिथे एका बादलीत दोनदा दगड धुणं हाही पोराच्या अभ्यासक्रमाचाच भाग समजा.

टप्पा बदलताना प्रत्येक दगड, बॅरल, झाकण जुन्या टूथब्रशने घासून धुवायचं. जाड्या ग्रिटचे दोन-चार कण जरी राहिले तरी शेवटची चमक गेली. काही दगडांमुळे आत वायू साठतो, म्हणून रोज एकदा झाकण उघडून हवा सोडायची. हे काम मोठ्यांचं. ग्रिट चमच्याने घालायचं कामही मोठ्यांचं. शेवटी साबणाचा थोडा कीस आणि पाणी घालून काही तास फिरवलं की दगड आंघोळ करून बाहेर!

चमकेमागची धूळ

आता जरा सीरियस. अकीक घासायचा धंदा आपल्या भागाला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही दख्खनची दोन मोठी बाजारपेठेची गावं येतात. तगर म्हणजे आपलं तेर. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड आणि तगरहून कापड, असा माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जायचा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जाऊन काचेमागचे मणी बघा. मोटर नाही, वीज नाही, तरी ही चकाकी!

ती आणायचे कशी? गुजरातेत खंभातला मणी बनवणाऱ्यांची जुनी रीत नोंदलेली आहे. चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी भरायचं, तोंड आवळायचं आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती पिशवी दिवसेंदिवस इकडून तिकडे लोळवायची. झाला की नाही टम्बलर? आज तिथेही पिशवीच्या जागी विजेवरची पिंपं आलीत.

पण त्याच खंभातची दुसरी बाजू पोराला सांगितलीच पाहिजे. पॉलिशच्या आधी अकीक चाकावर कोरडा घासतात, तेव्हा सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. फुप्फुसं कडक होत जातात आणि हा आजार बरा होत नाही. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये आणि शेजारी राहणाऱ्यांमध्येही तो आढळल्याचं डॉक्टरांच्या अभ्यासांत नोंदलंय. बाजारात मूठभर चमकते दगड स्वस्तात मिळतात तेव्हा त्यातली थोडी किंमत कुणीतरी श्वासाने चुकवलेली असू शकते.

म्हणून घरातला नियम एकच आणि कडक: दगड घासायचा तो ओलाच. टम्बलर पाण्यात चालतो, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. ड्रिल मशीन, कोरडा ग्राइंडर मुलाच्या हातात नाही. वाळलेला गाळ झाडूने उडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. आणि हातोडीने दगड फोडायचा असेल तर डोळ्यांवर गॉगल. फॅशनचा नव्हे, सेफ्टीचा!

आजीचं ऑब्जेक्शन

एवढा रिसर्च करून मी धाराशिवला फोन लावला, तर कळलं की प्रस्तावाला घरातूनच विरोध आहे. विरोधक होत्या मुलाच्या आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई. "आरं, दगडं भाईर ठिव. घरात नगं." मशीनचा खर्च, आवाज, पसारा, यातलं काहीच त्यांच्या मनात नव्हतं. त्या सास्तूरकडच्या.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. किल्लारीचा भूकंप म्हणून आपण ओळखतो तो लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, अशा दोन्ही जिल्ह्यांचा घास घेऊन गेला. सुमारे दहा हजार माणसं गेली. सास्तूर त्यातलंच एक गाव. बहुतेक माणसं गेली ती स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर मातीचं जड माळवद. आजींच्या लेखी दगड म्हणजे ती पहाट. घरात त्यांनी त्याबद्दल आजवर फारसं काही सांगितलं नव्हतं.

आमच्या गारगोटीवाल्याने मात्र विचारलं, "आजी, भिंत का पडली?" आणि आजींनी सांगितलं. दगड कसे होते, भिंत केवढी होती, कुठल्या बाजूला कलली. तासभर. माझी बहीण म्हणाली, ती स्वतः हे पहिल्यांदा ऐकत होती.

का पडली, याचं इंजिनिअरांनी दिलेलं उत्तर साधं आहे. ओबडधोबड, गोलसर दगड नुसत्या मातीत रचलेले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र बांधणारे लांब दगड नव्हते, सगळ्या भिंतींना कवेत घेणारा पट्टा नव्हता. हादरा बसला तसे दोन थर सुटे झाले आणि वरचं ओझं खाली आलं. म्हणजे टम्बलरमधून निघणारा गोल, गुळगुळीत गोटा हातात कितीही छान वाटला, तरी भिंतीत तो भरवशाचा नाही. भिंतीला कोपरे असलेला, एकमेकांना धरून ठेवणारा दगड लागतो. हे साडेनऊ वर्षांच्या मुलाला दोन्ही प्रकारचे दगड एकावर एक रचायला दिले की दहा मिनिटांत कळतं.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट आणि त्याच्या खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. पायाखाली काय आहे हे माहीत असणं, ही या जिल्ह्यात हौस नाही, गरज आहे. पाण्याचंही तेच. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी साठत नाही, ते साठतं त्याच्या भेगांत आणि मुरलेल्या, सच्छिद्र थरांत. गावात बोअर कुठे घ्यावं हे नारळ हातात धरून सांगणारे पुष्कळ भेटतात. खडक वाचून सांगणारा भूजलतज्ज्ञ मात्र आधी खिशात दगड भरणारा मुलगाच असतो. किंवा मुलगी.

आजींनी परवानगी दिली. एका अटीवर: मशीन ओसरीत आणि दगड पलंगाखाली नाहीत.

मग घ्यायचा का?

आता ती टेस्ट. पेंटच्या दुकानात जा आणि वॉटर पेपर मागा. गाड्या आणि फर्निचर घासायला वापरतात तो काळा पॉलिश पेपर. बहुतेकदा त्याच्यावरही सिलिकॉन कार्बाइडच असतं, म्हणजे टम्बलरमधलंच मटेरियल. ८०, २२०, ४००, ८०० आणि १५०० नंबरचा एकेक कागद घ्या. खर्च एका पिझ्झ्यापेक्षाही कमी. पोराला एक कॅल्साइटचा तुकडा द्या, कारण तो मऊ, हाताने घासला जातो. पाण्यात बुडवून, एका रविवारी एक नंबर. पाच रविवार, पाच कागद.

पाचव्या रविवारी दगड चमकला आणि पोराने दुसरा मागितला, तर बिनधास्त टम्बलर घ्या. दुसऱ्याच रविवारी कागद कोपऱ्यात गेला, तर पैसे वाचले. शिवाय पोरगं दगडप्रेमी नाही असंही नाही. काहींना घासण्यापेक्षा शोधण्यात मजा येते. त्यांच्यासाठी दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, एक चांगली वही आणि नळदुर्गची सहल हे टम्बलरपेक्षा भारी गिफ्ट आहे. नळदुर्गला बोरी नदीचं पाणी, किल्ल्याच्या काळ्या भिंती आणि त्या दगडांतली भोकं भिंगातून बघत बसायची. उचलायचं काही नाही, आठवतंय ना?

आमच्या साहेबांचे तीन रविवार पास झालेत. दोन बाकी आहेत. तीन पाउंडी, रबरी बॅरलवालं, २३० व्होल्टचं मॉडेल मी हेरून ठेवलंय. पण ऑर्डर पाचव्या रविवारनंतरच. मावशी प्रेमळ असली तरी पर्स रिसर्चवर चालते!

आणि घेतलात तर सोबत एक साधा वजनकाटा वापरा. दगड आत जाताना वजन, प्रत्येक टप्प्यानंतर वजन, वहीत नोंद. कोणत्या आठवड्यात दगड सगळ्यात जास्त झिजला? कोणता झिजलाच नाही? मग मशीन नुसतं चमकवणारं खेळणं राहत नाही, ती घरातली प्रयोगशाळा होते.

झटपट चेकलिस्ट (कापून फ्रिजवर लावा)

• रोटरी, तीन पाउंडांचं, रबरी बॅरल
• लेबलवर २३० व्होल्ट किंवा १०० ते २४० व्होल्ट
• जादा पट्टा आणि ग्रिटचं रिफिल कुठे मिळेल, हे खरेदीच्या आधी
• एका घाण्यात सारख्या कठीणपणाचे, पण लहान-मोठ्या आकाराचे दगड
• रोज हवा सोडणं आणि ग्रिट घालणं: मोठ्यांची ड्यूटी
• घासायचं ते ओलंच, गाळ बादलीत, मोरीत कधीच नाही
• किल्ले, लेणी, अभयारण्य, पांढरीची टेकाडं: हात मागे

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची टिप. प्रत्येक जागेवरचा एक दगड तसाच ठेवायचा. न घासलेला, मातीसकट, चिठ्ठी लावून: कुठे मिळाला, कधी मिळाला. घासलं की रंग आणि रेषा खुलतात, पण वरची साल, स्फटिकाचा आकार, तो कुठल्या थरातून आला याच्या खुणा पुसल्या जातात. चमकणारा दगड पाहुण्यांना दाखवायला. मळका दगड अभ्यासाला. ज्या पोराला हा दुसरा दगड जपून ठेवावासा वाटेल, त्याच्या गिफ्टवर खर्च करताना हात आखडता घेऊ नका!